एका पंगतीतले उंदीर

भेदभाव केल्याशिवाय विज्ञानाला सत्य सापडत नाही, हे डॉक्टर मानसिंगरावांचं लाडकं वाक्य होतं. म्हणून सांगलीच्या प्रयोगशाळेत त्यांनी उंदरांचे दोन पिंजरे मांडले: एकाला नुसती भाकरी, दुसऱ्याला त्यांनी शोधलेली पौष्टिक भुकटी. भुकटीवाले गुबगुबीत निघाले, तर बहात्तरच्या दुष्काळी कामांवर तीच वाटली जाणार होती. मंजुरी देणाऱ्या समितीसमोर वजनं झाली. दोन्हीकडचे उंदीर सारखेच गुबगुबीत! उंदरांना रोज खाऊ घालणाऱ्या माणदेशी हरणाबाईकडे डॉक्टरांनी पाहिलं. "आवं सायेब, एका पंगतीला दोन तऱ्हेचं वाढायचं व्हय? आसला पंक्तिपरपंच आमी न्हाई करत. दोनी कालवून समद्यास्नी सारकं घातलं." डॉक्टर तिच्यावर खेकसले, "बाई, हे विज्ञान आहे, लग्नाचं जेवण नव्हे!" तेवढ्यात जेवणाची वेळ झाली. समितीच्या पंगतीत डॉक्टरांनी अध्यक्षांच्या पानात स्वहस्ते दुप्पट तूप वाढलं. भुकटी मंजूर झाली.