कासवाचा दात

जाऊबाईंच्या दाताखाली काहीतरी कचकन वाजलं. त्यांनी ते रुमालात काढून घेतलं, पाहिलं आणि मूठ मिटली. पण धाकटीनेही तेवढ्यात पाहिलं होतं. बोकडाचा दात होता. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

वाडग्यात धाकटीने वाढलेलं कासवाचं सूप होतं. आणि कासवाला दात नसतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

त्या काळी कासवं बोटीने जिवंत यायची. ज्याच्या घरी कासवाचं सूप, त्याचं बरं चाललंय असं लोक धरून चालत. थोरल्या जाऊबाईंकडे ते दर वर्षी व्हायचं. धाकटीच्या नवऱ्याचा धंदा बसला होता, पण थोरल्या घरी त्याचा सुगावा लागू द्यायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. म्हणून बोकडाची मुंडी आणली. सकाळपासून शिजवली, मऊ कातडीचे चौकोनी तुकडे केले, कासवाच्या हिरव्या चरबीचा रंग यावा म्हणून पालकाचा रस घातला. अंड्याच्या बलकाच्या गोळ्या वळून त्या कासवाची अंडी म्हणून सोडल्या. चव हुबेहूब थोरल्यांकडची आली होती. वर "बंदरावरून खास मागवलं" असंही तिने सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

"काय लागलं गं?" थोरल्या दिरांनी बायकोला विचारलं.

"खडा असेल," धाकटी घाईघाईने म्हणाली. "आमच्या स्वयंपाकीणबाईंचं हल्ली लक्षच नसतं."

स्वयंपाकीणबाईंना काढून तीन महिने झाले होते. त्या गरीब बाईवर ढकलताना तिला स्वतःचीच शिसारी आली. नवरा तर वाडग्यातून डोकं वर काढेना.

"खडाच आहे," जाऊबाई म्हणाल्या आणि उठल्या. "थांब, मीच बोलते त्यांच्याशी."

धाकटी मागोमाग धावली, पण उशीर झाला होता. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. ओट्यावर बोकडाची कवटी आ वासून पडली होती. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई, दर वर्षी तुमच्याकडे येऊन जेवायचो," ती कशीबशी म्हणाली. "एकदा तरी आपल्या घरी तुम्हाला तसंच वाढावं, असं वाटलं. फार लाज वाटते हो मला. बाहेर नका सांगू."

जाऊबाईंनी आधी दार लोटून घेतलं. मग कवटी उचलून खिडकीच्या उजेडात धरली आणि खालच्या जबड्यातल्या रिकाम्या जागी तो दात टेकवून पाहिला.

"खालचा जबडा आधीच काढून टाकत जा," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "बारा वर्षं झाली, आमच्याकडे एकदाही दात निघाला नाही."