चाकाखालचं लिंबू

पुढच्या चाकाखाली लिंबू सरकवून प्रतिमा गुडघ्यांवर हात टेकत उठली.

"या दसऱ्याला हे चिरडलं गेलं नाही ना, तर गाडी विकायची. सांगून ठेवते. हिवाळाभर मी ड्राइव्हवेमध्ये कारवरचा बर्फ खरवडायचा, आणि ही महाराणी गराजमध्ये ब्लँकेट पांघरून!"

दिगंबररावांनी मान वर केली नाही. निम्बसच्या पोटाशी बसून ते काहीतरी पुसत राहिले. डेन्मार्कची मोटारसायकल, वयानं त्यांच्याहून मोठी. तरुणपणी तिनं तिथल्या पोस्टाचं टपाल वाहिलं, म्हातारपणी मिशिगनमधल्या कुणा शेतकऱ्याच्या कोठारात कोंबड्या अंगावर बसवून घेतल्या, आणि मग तिथल्याच ट्रॉय शहरात येऊन प्रतिमाच्या मानगुटीवर बसली. सुरू झाली की भुंग्यासारखी घुमते म्हणे. घुमताना ऐकली होती कुणी? बनवणारी कंपनी मूळची व्हॅक्यूम क्लीनरवाली, हे कळल्यावर प्रतिमा म्हणाली होती, "तो निदान प्लग लावला की चालतो."

दर दसऱ्याला झेंडूची माळ, हळदकुंकू, लिंबू. आणि दर दसऱ्याला लिंबू धडधाकट परत स्वयंपाकघरात.

इला खास शिकागोहून ड्राइव्ह करून आली होती. लेकीनं फोन तयार धरला. "बाबा, फक्त एक राउंड. आई मागे बसणार. मला व्हिडिओ हवाय."

"कार्ब्युरेटर जरा नखरे करतोय गं."

"मागच्या वर्षीही कार्ब्युरेटरच होता," प्रतिमा म्हणाली. "त्याआधी क्लच. त्याच्याआधी कुठलासा वायसर डेन्मार्कहून निघाला होता, तो बहुतेक चालत येत होता."

"हटा, मीच मारते किक." इलानं मारली. पुन्हा मारली. गाडीनं नुसता सुस्कारा सोडला. "पेट्रोल आहे, स्पार्क आहे. देन व्हॉट, यार?"

हिसक्यानं माळ घसरली होती. ती नीट करायला प्रतिमा वाकली आणि टाकीखालची पेट्रोलची चिमुकली तोटी तिला दिसली. जेवताना रोज याच गाडीचं पुराण ऐकून तिलाही सगळं पाठ झालं होतं: उभी म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद.

तोटी आडवी होती.

तिनं हात पुढे केला. पण दिगंबररावांचा हात आधी तिथे पोचला. तोटी फिरवायला नव्हे, झाकायला. दुसऱ्या हातातला पाना टाकीवर आपटत राहिला, टिक टिक टिक. त्यांनी तो घाईघाईनं मांडीखाली दाबला.

हल्ली, बशीत सांडायला लागल्यापासून, ती त्यांना चहा अर्धा कपच देत असे. का, ते त्यांनी विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं.

म्हणजे गाडी तयार होती. कधीपासून, देव जाणे.

"इला, पुरे," प्रतिमा करवादली. "लिंबू सुकलंय. असल्या लिंबावरून गाडी नेत नाहीत."

"सीरियसली? असा रूल आहे?"

"आमच्या माहेरी आहे. पाडव्याला बघू."

"पण तू तर म्हणालीस, विकायची..."

"मी काय काय म्हणते! आणि अहो, उठा आता. गार फरशीवर काय बसलात!" खाली वाकून तिनं चाकाखालचं लिंबू काढून घेतलं.

पोहे झाले. इलानं आपल्या बशीवर लिंबाची फोड जरा दाबली, तर रस थेट डोळ्यात उडाला.

"आई! हे सुकलेलं?"

"गप खा. गार होतंय."

दुसरी फोड तिनं दिगंबररावांना दिली नाही. त्यांच्या पोह्यांवर स्वतःच पिळली, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत.