टाकीतले बारा नट

पेट्रोलच्या टाकीचे चारही बोल्ट पान्याच्या पहिल्याच हिसक्यात फिरले, तेव्हा रंगनाथला जरा नवल वाटलं. पस्तीस वर्षं जागची न हललेली गाडी. तिचे बोल्ट असे सुटत नाहीत.

"गाडी शेडमधी व्हती का, गुरुजी?"

"शेडमध्येच. पाऊस लागू दिला नाही तिला."

"मंग बरोबर हाय."

व्यंकटराव निवृत्त शिक्षक. ही जुनी पांढरी फियाट त्यांनी परभणीहून टेम्पोत घालून सेलूला आणली होती. सकाळपासून ते गॅरेजच्या दारात स्टुलावर बसून होते. चहाला नको म्हणाले, पेपर उघडला नाही. गाडीच्या मागच्या सीटवर मात्र त्यांनी पाण्याची बाटली ठेवली होती आणि तिथली काच खाली केली होती.

"मागून कोण यायलंय का?"

"नाही. सवय आहे."

रंगनाथनं टाकीत चिंचेचं कढत पाणी ओतलं, तोंड बांधलं आणि टाकी उन्हात ठेवली. ही त्याच्या उस्तादांची पद्धत. पाणी मुरलं की आत बारा नट टाकायचे आणि टाकी घोळवायची. नट आतून फिरतात, गंज खरवडून काढतात. शेवटी नट मोजायचे. बारा गेले तर बारा आले पाहिजेत.

"तुम्ही परभणीच्या उस्तादांकडे शिकलात ना?" व्यंकटरावांनी विचारलं.

"हां. चौघं होतो आमी. एक जिंतूरला हाय, एक मानवतला, एक गंगाखेडला. मी हितं."

"माहीत आहे. ही टाकी तिथंच साफ केली होती. एकोणनव्वद साली. कुणाच्या हातानं केली, ते उस्तादांनाही नंतर आठवेना."

रंगनाथ पाना पुसत राहिला.

"पुढच्याच आठवड्यात आम्ही पोखर्णीला गेलो, नरसिंहाच्या दर्शनाला," व्यंकटराव वर्गात धडा सांगावा तसे सांगत होते. "तिथं स्वरदाला साप चावला. माझी मुलगी. आठ वर्षांची होती. मागच्या सीटवर निजवलं आणि निघालो. अर्ध्या वाटेत गाडी बंद पडली. पेट्रोल भरपूर होतं. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. ती मागून विचारत होती, बाबा, आली का परभणी."

गॅरेजपुढून कापसाचा ट्रॅक्टर गेला.

"गाडी का थांबली एवढंच मला कळायला पाहिजे, रंगनाथ. कुणाला शिक्षा करायची नाही. तिला सांगायचंय. ती अजून विचारते."

रंगनाथनं नकळत गाडीकडं पाहिलं. मागच्या सीटवर बाटली आडवी झाली होती. तिचं टोपण उघडं होतं. मघाशी ते लावलेलं होतं, असं त्याला वाटलं. पण नक्की आठवेना.

दुपारी त्यानं बारा नट मोजून टाकीत टाकले. टाकी दोन टायरांवर ठेवून तो घोळवू लागला. आधी आतून सरींसारखा आवाज आला. मग कुणीतरी बोटांच्या पेरांनी पत्रा ठोकावा तसा. व्यंकटराव डोळे मिटून ऐकत होते.

पाणी ओतलं तर ते नुसतं चहाच्या रंगाचं. मूठभरही गंज नाही. चिंचेनं काम चांगलं केलं, असं तो स्वतःशीच म्हणाला. व्यंकटरावांकडं पाठ करून त्यानं टाकी कलती केली आणि घमेल्यात एकेक नट पडू लागला.

तेरा पडले.

त्यानं पुन्हा मोजले. तेरावा बाकीच्यांपेक्षा लहान होता आणि त्याच्या कडेला कानशीनं मारलेली खाच होती. टाक्यांचे नट दुसऱ्या नटांत मिसळू नयेत म्हणून उस्ताद अशी खाच मारायचे. नटावर गंजाचा ठिपका नव्हता. खाच कालच मारल्यासारखी धारदार होती. पण हे त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याच्या कानात एक जुनी संध्याकाळ घुमत होती.

त्या संध्याकाळी अकराच निघाले होते. त्याला सिनेमाला जायचं होतं. उस्तादांनी आतून विचारलं, "गिन लिये क्या?" आणि तो म्हणाला होता, "हां उस्ताद, बारा."

पेट्रोल ओढणाऱ्या नळीचं तोंड अडवायला एवढासा नट पुरे. हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

सांगून टाकावं, असं त्याला वाटलं. तो अर्धा वळलाही. मग त्याला दारावरची आपल्या नावाची पाटी दिसली. पुढच्या महिन्यात मनिषाचं लग्न होतं. आधी पोरीचं होऊन जाऊ दे, त्यानं मनाशी म्हटलं, आणि नट मुठीत घेऊन खिशात सोडला.

"किती निघाले?" व्यंकटरावांनी डोळे न उघडता विचारलं.

"बारा."

"नीट मोजले?"

"बाराच हायेत, गुरुजी. आत दुसरं काई न्हवतं. निव्वळ गंज. त्यानंच थांबली आसंल गाडी."

व्यंकटरावांनी डोळे उघडले. ते सावकाश उठले, गाडीपाशी गेले आणि मागच्या खिडकीत वाकून हळू आवाजात म्हणाले, "सापडला, बाळा."

मग त्यांनी ती काच वर केली. रंगनाथसमोर येऊन त्यांनी आपला तळहात पुढं केला.

"ही टाकी यंदा चौथ्यांदा साफ झाली, रंगनाथ. जिंतूर, मानवत, गंगाखेड. तिघांनीही तो तेरावा नट आपण होऊन माझ्या हातावर ठेवला होता."