दम देऊन सोडतील

"नवऱ्यावर पोलीस आणणारी सून मले या घरात नको," भगवंतरावांनी व्याह्यांना तोंडावर सांगितलं.

वामनराव डिंपलला आणि तिच्या तान्ह्या लेकीला घेऊन संग्रामपूरहून धाड गावी आले होते. माहेरी लोक बोलायला लागले होते. लेकीला सासरी ठेवून घ्या, एवढंच मागणं होतं. डिंपल दाराशी खाली मान घालून बसली होती. कौशल्याबाई चहा घेऊन आल्या, पण सुनेकडे पाहायची त्यांची हिंमत होईना.

तिच्या बाळंतपणासाठी त्या सहा महिने कॅनडाला राहून आल्या होत्या. तिथं आपला लेक कुलदीप बायकोवर हात उचलतो, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आता लेकाची नोकरी गेली, कोर्ट मागे लागलं, तिकडे राहू देतील की नाही याचाही भरवसा नव्हता. त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

"माहा पोरगा झोपेल होता. उठला तं उशाशी पोलीस!" भगवंतराव म्हणाले. "तिकडं फ्रीजवरच पोलिसाचा नंबर चिकटवेल रायते म्हणे."

"वाटलं असन," कौशल्याबाई हळूच बोलल्या, "इथल्यासारखंच तिथं. जमादार येईन, दम देईन, घंटाभर बसवून ठेवीन. मंग घरचे सोडवून आणतीन."

"असं अडाणी माणसाले वाटते. ही तं फाडफाड इंग्रजी बोलते!" भगवंतराव सुनेकडे वळले. "काऊन वं, तूच केला ना फोन?"

मारहाण आपण पाहिली, हे कौशल्याबाईंनी घरात अजून कुणाला सांगितलं नव्हतं. आत्ता सांगावं, असं अगदी ओठांवर आलं. पण नवऱ्याचा चेहरा पाहून त्या गप्प राहिल्या. स्वतःचीच लाज वाटली त्यांना.

डिंपलने मान वर केली. "हो बाबा, मीच केला."

"ऐकलं वामनराव?" म्हणत भगवंतराव उठून आत गेले. वामनरावांनी मुकाट्याने पिशवी उचलली.

कौशल्याबाई जीपपर्यंत पोचवायला गेल्या. नातीचं टोपडं सारखं करायला वाकल्या आणि त्यांना रडू आवरेना.

"मले माफ कर वं माय. माही जीभच उचलली नाही."

वामनराव पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसले होते. डिंपलने ओढणीने सासूचे डोळे पुसले आणि ती त्यांच्या कानाशी लागली.

"गप्पच राहा, आई. बाबांनी काढून देल्लं तं या वयात तुम्ही कुठं जासान? मी तं शुद्धीतच नोहती. तुम्ही तो फोन लावला नसता, तं या पोरीले माय उरली नसती."