फोन कुणाचा?

“काका, अजून वेळ आहे. रेकॉर्डिंग ऐकायचा अर्ज मागे घ्या.”

चौकशीच्या खोलीबाहेर पोलीस अधिकारी सोफेवाल्याच्या कानाशी लागला होता. आवाजात दरडावणी नव्हती. आजारी माणसाला पथ्य सांगावं तसा तो बोलत होता.

“का? तुमचा फौजदार उघडा पडेल म्हणून?”

“तुम्हाला झेपणार नाही म्हणून.”

“पोराला स्वतःच्या हातांनी पोचवून आलोय. आता न झेपायचं काय राहिलंय?”

खालच्या चौकातून घोषणा वर येत होत्या. “फोन कुणाचा? नाव सांगा!” सकाळपासून माणसं वाढतच होती.

सगळं त्या फोनवर येऊन अडलं होतं. दुकान बंद करायच्या वेळी पोलिसांची गाडी आली आणि फौजदाराने सोफेवाल्याच्या मुलाला दारातच गोळी घातली. मुलाच्या हातात सोफ्याला कापड ठोकायची स्टेपल गन होती. पोलिसांचं पालुपद एकच. कुणा सावध नागरिकाचा फोन आला, वायरलेसवर निरोप गेला, ‘सोफ्याचं दुकान, हत्यारबंद माणूस.’ फौजदार त्या निरोपावर विसंबला. नागरिकाचं नाव मात्र, त्याच्या जिवाला धोका नको म्हणून, झाकून ठेवलेलं.

सोफेवाल्याला नाव विचारायची गरज नव्हती. समोरच्या दुकानातला चष्मेवाला. दारात टेम्पो उभा करण्यावरून त्याची आणि मुलाची रोज जुंपायची. “एक दिवस पोलिसांनाच बोलावतो,” असं तो चार माणसांत बोलला होता. ही गोष्ट गल्लीत पसरली त्या दिवशी त्याच्या दुकानाची काच फुटली, आणि मग गिऱ्हाईकही फिरकेना.

“फोन करणारा खोटं बोलला असं ठरलं,” शेजारी उभ्या त्याच्या वकीलबाई म्हणाल्या, “तर फौजदार त्याच्या आडून सुटेल. एवढं लक्षात ठेवा.”

“आधी तो सापडू दे. फौजदाराला नंतर बघू.”

“बाबा, तुम्हाला नक्की आवाज ओळखता येईल?” लेकीनं विचारलं.

“चष्मेवाला नाकात बोलतो. झोपेतसुद्धा ओळखीन.” तो भिंतीला टेकला. “पोलिसांना तो फोन गेला ना, मी त्याच वेळी फोन लावत होतो तुझ्या भावाला. येताना ब्रेड आण म्हणून सांगायला. सारखा बिझी. लागला असता, तर लगेच निघाला असता घरी.”

“मैत्रिणीशी गुलुगुलू चाललं असेल त्याचं,” लेक हसल्यासारखं करत म्हणाली.

“असेल. त्याचा फोनही परत दिला नाही मेल्या पोलिसांनी. तपास म्हणे. मागच्या खिडकीचे गज वाकवून ठेवले, गोदामातलं कापड उपसलं. तेही तपासच!”

खोलीत दोन बाकं, एक लांब टेबल, टेबलावर स्पीकर. पुढच्या बाकाच्या टोकाला चष्मेवाला आधीच येऊन बसला होता. मांडीवर हात, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं.

“आलास? मला वाटलं, तोंड काळं केलंस.”

“काही केलं असतं तर पळालो असतो,” चष्मेवाला म्हणाला. नाकातला आवाज आज जरा चिरकत होता. “माझी पोरगी शाळेत जात नाही. पोरं तिला मारेकऱ्याची मुलगी म्हणतात. काय ते एकदा सगळ्यांसमोर ऐकू दे.”

“ऐकशील. सगळेच ऐकतील.”

“दादा, तुमच्या पोराशी भांडलो मी. खोटं कशाला बोलू? पण त्याच्या चष्म्याची काडीही मीच बसवून द्यायचो.”

सोफेवाल्याने मान फिरवली. खिडकी उघडी होती. खालचा जमाव त्याच्याच तोंडून नाव ऐकायला उभा होता. काल सभेत त्यानं शब्द दिला होता, आवाज ओळखला की खिडकीतून सांगतो.

चौकशी करणाऱ्या न्यायाधीशबाई आल्या. सगळे उठले, बसले. कारकुनानं कळ दाबली.

आधी नुसती खरखर. मग बाईचा आवाज, “पोलीस कंट्रोल, बोला.”

पलीकडे कुणीतरी धापा टाकत होतं. तोंडावर हात धरून बोलावं तसा दबका, फाटका आवाज आला. “लवकर या. सोफ्याच्या दुकानात माणूस आहे. हातात हत्यार आहे त्याच्या. मी बघितलंय.”

“कुठलं दुकान? पत्ता सांगा.”

“चौकाच्या अलीकडे... चष्म्याच्या दुकानासमोर.”

सोफेवाला ताडकन उठला.

“हाच! स्वतःच्या दुकानाची खूण सांगतोय. ओळखू येऊ नये म्हणून आवाज दाबलाय!”

“मी नाही, शपथेवर सांगतो, मी नाही,” चष्मेवाला म्हणाला.

“खाली बसा,” न्यायाधीशबाई म्हणाल्या. “अजून संपलेलं नाही.”

पण तो खिडकीशी पोचला होता. लेकीनं शर्ट धरला, तो हिसडून त्यानं अर्धं अंग बाहेर काढलं.

“चष्मेवाला! चष्मेवाल्यानं केला फोन!”

खाली गर्दी वळली, चौकातून गल्लीकडे धावत सुटली. कुठेतरी शटर धाडकन खाली आलं.

“दुकानात माझी बायको आहे,” चष्मेवाला उभा राहत म्हणाला. “पोरगी आहे. कुणीतरी थांबवा त्यांना!”

अधिकारी जिन्याकडे धावला. वकीलबाई त्याच्या मागे. रेकॉर्डिंग बंद करायचं कुणाला सुचलं नाही. टेबलावरच्या स्पीकरमधून कंट्रोलची बाई विचारत होती, “आणि तुम्ही कोण बोलताय?”

“सोफेवाल्यांचा मुलगा. चोर मागे गोदामात आहे. तुम्ही या, मी पुढं दारातच उभा राहतो.”