रुसलेले जावई

गावानं अजून मोटारसुद्धा पाहिली नव्हती, तेव्हा आमचे भावोजी स्वतः बांधलेल्या विमानासकट आमच्या अंगणातल्या चिंचेत अडकले. आईनं आधी ओवाळायचं ताट आणलं, मग शिडी. पण लग्नातही न रुसलेले भावोजी आता रुसले होते.

"जावईबापू, सोन्याची अंगठी घालतो, पण उतरा," अण्णा म्हणाले.

"अंगठी नको. आधी मी उडालो असं म्हणा."

"पडलात तुम्ही!" अण्णा पेशानं वकील. "मधमाश्या पाळल्यात, सतार फोडलीत, गावाचे दात उपटलेत. आता हे!"

"मग टेकडीवरून इथवर काय चालत आलो?"

दोन दिवस वाद चालला. ताई टोपलीतून नवऱ्याला पुरणपोळ्या पाठवत राहिली. शेवटी अण्णाच पगडी सांभाळत शिडी चढले आणि समजूत काढायला विमानात मागच्या जागेवर बसले.

फांदी कडाडली. विमान आईच्या डोक्यावरून, म्हशीवरून तरंगत गेलं आणि पेंढ्याच्या गंजीत घुसलं.

गाव धावत आलं. "वकीलसाहेब, पडलात की काय?"

अण्णांनी पगडीतला पेंढा झटकला.

"पडतोय कशाला?" ते गरजले. "चिंचेवरून इथवर उडत आलो आम्ही!"