दोन तास कमी

शाळेच्या गुणवंत मंडळात जायचं तर समाजसेवेचे पन्नास तास लागत. नववीतल्या त्या मुलीचे अठ्ठेचाळीसच भरले. वृद्धाश्रमातल्या आजींना डुलकी लागली की ती नुसती उशाशी बसून राहायची, तो वेळ तिने धरलाच नव्हता.

"अगं, बाकीच्यांनी गाडीतून जायचा-यायचा वेळसुद्धा धरलाय," मंडळाच्या बाई म्हणाल्या. "तुझंच काय घोडं अडलंय?"

"पण बाई, तेव्हा मी काही केलंच नव्हतं."

"मग बस तशीच!"

तिचं नाव गळलं. पदकं वाटायच्या दिवशी निवडलेली मुलं फोटोसाठी नटूनथटून उभी होती, त्यामुळे सभागृह झाडायला आणि खुर्च्या पुसायला बाईंनी तिलाच हाक मारली. मंचामागे 'सचोटी हाच सन्मान' हा फलकही तिनेच टांगला. शेवटची खुर्ची पुसून झाल्यावर तिने चाचरत विचारलं, "बाई, आज दोन तास झाले. आता माझे पन्नास धराल ना?"

बाईंनी फलक जरा सरळ केला.



"छे गं, या साफसफाईचे तास मागच्याच आठवड्यात त्या मुलांच्या नावावर लावून टाकलेत."